आधी अडतंय कुठे ते मोजा, मग कार्ड घ्या

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जीपीयू (एकाच वेळी शेकडो गणितं करणारी चिप; ती ज्यावर बसते ते कार्ड) कसा निवडावा यावर एकच पत्र छापलं, तर महिनाभर त्याच विषयाची पत्रं येत राहिली. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे. दुसऱ्यांच्या प्रोग्रामसाठी यंत्रं निवडायची आणि ती चालती ठेवायची, एवढंच काम मी नोकरीत केलं. माझं दुकान नाही आणि कुणाचं कमिशनही मी घेत नाही, त्यामुळे काही उत्तरं विक्रेत्यांना रुचणार नाहीत. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

आदरणीय ताई, मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा चौघींचा प्रकल्प मोडी कागद वाचणाऱ्या प्रोग्रामचा आहे. वर्गणी काढून कार्ड घ्यायचंय. दुकानदार म्हणतो नवीन आरटीएक्स ४०६० घ्या, ८ जीबीचं. सीनियर म्हणतात जुनं चालेल, पण १२ जीबीचं ३०६० घ्या. आमचे सर म्हणतात टीपीयू सगळ्यात वेगवान, शिवाय फुकट मिळतो, मग कार्ड हवंच कशाला? कुणाचं ऐकू? (कर्वेनगर)

आधी मोडीचं ऐक. मोडीत पहिल्यांदा ओळभर रेघ ओढतात आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. त्यामुळे एकेक अक्षर कापून ओळखायचं, हा कॉलेजात आवडता असलेला मार्ग पेशवे दफ्तरातल्या रुमालांवर, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गाठोड्यांवर, चालत नाही. अख्खी ओळ एक चित्र म्हणून द्यायची आणि प्रोग्रामने त्यातून अक्षरांची मालिका काढायची, असंच करावं लागेल. कार्डाचा निर्णय या एका गोष्टीवर ठरतो, दुकानदाराच्या तक्त्यावर नाही.

आता हिशेब कर. मॉडेल म्हणजे शिकवून तयार होणारा आकड्यांचा संच. त्यातला प्रत्येक आकडा शिकवताना साधारण १६ बाइट खातो: ४ त्या आकड्याचे स्वतःचे, ४ ग्रेडियंटचे (आकडा कुठल्या बाजूला किती बदलायचा ते) आणि ८ अ‍ॅडम नावाच्या पद्धतीला लागणाऱ्या दोन नोंदींचे. तुमचं मॉडेल कन्व्होल्यूशन आणि त्यामागे एलएसटीएम अशा जुन्या घाटाचं असेल, तर आकडे कोटीभर. म्हणजे १६० एमबी. ते तर कुठल्याही कार्डावर मावेल. पण आयतं शिकवलेलं ट्रान्सफॉर्मर मॉडेल आणून मोडीवर पुढे शिकवायचं ठरवलंत आणि त्यात ३३ कोटी आकडे असले, तर ५.३ जीबी नुसतं मांडायलाच गेले. त्याशिवाय एका वेळी जितक्या ओळी दाखवशील, तितक्यांच्या मधल्या पायऱ्या सांभाळायला जागा लागते. ८ जीबीत मग दोन-चार ओळींच्या वर घास जात नाही. १२ जीबीत बरा घास घेता येतो.

४०६० वाईट कार्ड नाही. ते ११५ वॅटवर चालतं, ३०६० ला १७० लागतात. नुसत्या गणितात ते थोडं पुढेही आहे. पण मेमरीतून चिपपर्यंत माल आणायचा वेग त्याचा सेकंदाला २७२ जीबी, तर जुन्या ३०६० चा ३६०. नवीन कार्डाची वाट अरुंद आणि गोदामही लहान. सीनियर बरोबर सांगतायत. फक्त ३०६० ची ८ जीबीवालीही एक आवृत्ती बाजारात आहे. खोक्यावरचं नाव वाचून पैसे देऊ नका, मेमरी वाचा.

सरांचा टीपीयू, म्हणजे अशा मॉडेलांच्या गुणाकारांसाठीच बनवलेली गूगलची चिप. गूगलने तो २०१५ मध्ये स्वतःच्या डेटासेंटरमध्ये बसवला आणि जगाला २०१६ मध्ये सांगितला. पहिल्या पिढीत २५६ गुणिले २५६ अशा चौकोनात ६५,५३६ गुणाकारयंत्रं होती. आकडा एका कडेने आत शिरतो आणि शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकत जातो, दर गुणाकाराला मेमरीकडे परत जावं लागत नाही. त्याचा सगळा वेग यातून येतो. पण चौकोन भरलेला हवा आणि मापं आधीपासून ठरलेली हवीत. प्रोग्राम त्या मापांसाठी कंपाइल होतो, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरतो; माप बदललं की पुन्हा कंपाइल. तुमच्या मोडीच्या ओळी आहेत आखूड-लांब. तशाच दिल्यात तर टीपीयूचा वेळ शिकण्यापेक्षा कंपाइल होण्यातच जाईल. उपाय आहे: प्रत्येक ओळीची उंची एकच ठेवायची आणि रुंदीची तीनच मापं करायची, ५१२, १०२४ आणि २०४८. उरलेली जागा पांढरी सोडायची. हे करायची तयारी असेल तर सरांचंही बरोबर आहे.

माझं मत विचारशील तर पहिली सहामाही एक पैसाही खर्च करू नका. इंटरनेटवरून यंत्र फुकट वापरायला देणाऱ्या दोन सेवा आहेत: कॅगलवर आठवड्याला साधारण ३० तास जीपीयू मिळतो, कोलॅबवर १६ जीबीचं टी-४ बऱ्याचदा मिळतं. चौघींची चार खाती आहेत. आणि एक गोष्ट आजच तपासा. शिकवणी चालू असताना एनव्हिडिया-एसएमआय ही आज्ञा देऊन जीपीयू किती टक्के कामात आहे ते पाहा. ३० टक्के दिसला, तर तो तुमच्या हार्डडिस्कची वाट बघत बसलाय. मोठमोठे स्कॅन दर वेळी उघडून त्यातून ओळी कापत असाल, तर असंच होणार. ओळी एकदाच कापून लहान चित्रं करून ठेवा. वर्गणी न काढता वेग दुप्पट झालेला मी पाहिला आहे.

सप्रेम नमस्कार. वय ७४. नवीन लॅपटॉप घेत आहे. दुकानातला मुलगा म्हणाला, एआय लॅपटॉपच घ्या, त्यात ४० टॉप्सचा एनपीयू असतो, पुढे त्याशिवाय काही चालणार नाही. मला माझी टिपणं बाहेर न पाठवता, इंटरनेट बंद ठेवून, घरीच एआयला मराठीतून प्रश्न विचारायचे आहेत. हे ४० टॉप्स म्हणजे काय आणि ते मला हवेत का? (सदाशिव पेठ)

काका, एक टॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया. ४० हा आकडा येतो मायक्रोसॉफ्टकडून: २०२४ मध्ये त्यांनी आपल्या नव्या प्रकारच्या लॅपटॉपसाठी ती किमान अट ठेवली. या क्रिया लहान आकड्यांच्या असतात. व्हिडिओ कॉलवर मागची खोली धूसर करणं, आवाजातली खरखर काढणं, बोलणं चालू असताना मजकूर उमटवणं ही कामं एनपीयू, म्हणजे एआयच्या गणितासाठी लॅपटॉपमध्ये बसवलेली छोटी चिप, फारशी बॅटरी न खाता करतो. त्यासाठी तो चांगलाच.

तुमचं काम वेगळं आहे. घरी चालणारं एक मध्यम मॉडेल धरा, ८०० कोटी आकड्यांचं. प्रत्येक आकडा चार बिटांत दाबून बसवला तरी फाइल पाच जीबीच्या आसपास जाते. उत्तराचा प्रत्येक तुकडा लिहिताना हे पाचही जीबी मेमरीतून एकदा वाचावे लागतात. चांगल्या लॅपटॉपची मेमरी सेकंदाला ९० जीबीच्या आसपास देते. नव्वद भागिले पाच, म्हणजे सेकंदाला फार तर अठरा तुकडे. एनपीयू ४० टॉप्सचा असो की ८० चा, त्याच मेमरीतून पाणी भरणार. अठराचे छत्तीस होत नाहीत. तुमची लांबलचक टिपणं सुरुवातीला वाचून घेताना मात्र गणिताची ताकद उपयोगी पडते, तिथे थोडा फरक जाणवेल. आणि मराठी शब्दांचे ही मॉडेलं इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पाडतात, म्हणून उत्तर आणखी सावकाश येतं. एवढ्या लहान मॉडेलचं मराठीही कामचलाऊच असतं, हे आधी सांगून ठेवते.

त्या मुलाला टॉप्स विचारू नका. रॅम किती आहे आणि ती एका पट्टीत आहे की दोन, ते विचारा. एकच पट्टी असेल तर मेमरीचा वेग निम्मा होतो. ३२ जीबी, दोन पट्ट्या, किंवा मदरबोर्डवरच बसवलेली जलद मेमरी. एनपीयू सोबत आला तर येऊ द्या, त्याच्यासाठी जादा पैसे मोजू नका.

मी पीएचडी करतोय. खडकवासल्यातून विसर्ग सोडल्यावर मुठेचं पाणी संगमापर्यंत कुठे किती चढेल याचं द्विमितीय मॉडेल फोर्ट्रानमध्ये लिहिलं आहे. ५ मीटरच्या चौकटी, सुमारे ४० लाख. सगळे आकडे डबल प्रिसिजन. १६ कोअरच्या डेस्कटॉपवर एका पुराला अख्खी रात्र जाते. गाइडनी आरटीएक्स ३०६० आणून दिलं आणि म्हणाले, आता शंभर पट वेग येईल. येईल का? (औंध)

शंभर पट नाही येणार. चौपट येईल, तोही नीट केलंत तर. का ते सांगते, कारण हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो आणि तरी कोणी करत नाही.

तुमच्या प्रत्येक चौकटीत खोली, दोन दिशांचे वेग, तळाची उंची, घर्षण असे मिळून दहा आकडे धरू. आकड्याला चार बाइट धरले तर चौकटीला ४० बाइट, ४० लाख चौकटींना १६० एमबी. काळाचं एक पाऊल पुढे टाकायचं म्हणजे हे १६० एमबी निदान एकदा मेमरीतून आणायचे. तुमच्या डेस्कटॉपची मेमरी सेकंदाला ९० जीबी देत असेल तर त्याला सुमारे १.८ मिलिसेकंद लागतात. कार्ड ३६० देतं, त्याला ०.४५. भागाकार करा: चार. ज्यांना शंभर पट वेग मिळतो त्यांची तुलना बहुतेक वेळा सीपीयूच्या एका कोअरशी असते. तुमचा प्रोग्राम १६ कोअर वापरतोय ना, की एकच? एकच वापरत असेल तर कार्डाला हात लावण्याआधी ओपनएमपीच्या (काम कोअरांत वाटून देणाऱ्या सूचनांच्या) चार ओळी घाला.

बरं, हे झालं एकेरी अचूकतेचं, म्हणजे चार बाइटी आकड्यांचं. तुम्ही दुहेरीत (डबल प्रिसिजन, आठ बाइट) चालवता, आणि इथे गेमिंग कार्डं हात आखडता घेतात. ३०६० एकेरीत सेकंदाला सुमारे १२.७ लाख कोटी क्रिया करतं. दुहेरीत त्याच्या चौसष्टाव्या भागाइतक्या, म्हणजे जेमतेम ०.२ लाख कोटी. तुमचा १६ कोअरचा सीपीयू, प्रत्येक कोअर एका ठोक्याला १६ क्रिया आणि ४ गिगाहर्ट्झ धरला, तर दुहेरीत एक लाख कोटीपर्यंत जातो. प्रोग्राम आहे तसा कार्डावर नेलात तर तो डेस्कटॉपच्या मागे पडेल, आणि दोष मात्र कार्डाला मिळेल.

मग दुहेरी अचूकता खरंच हवी का? तुमचा विषय मी शिकलेले नाही, पण आकडे सांगतात ते असं. पुण्याचा तळ समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. एकेरी अचूकतेत साडेपाचशेच्या घरात दोन लगतच्या आकड्यांमधलं अंतर ०.०६ मिलिमीटर असतं. पात्राला हजारात एक उतार असेल तर शेजारच्या दोन चौकटींत फरक ५ मिलिमीटरचा. त्यात ०.०६ ची चूक म्हणजे टक्काभर, आणि ती लाखो पावलं साठत जाणार. म्हणून कोणीतरी पूर्वी दुहेरी लावली असेल. पण सगळ्या उंचींतून एक पायाभूत उंची वजा केलीत आणि आकडे पन्नास मीटरच्या आत आणलेत, तर तेच अंतर ०.००४ मिलिमीटरवर येतं. पाण्याची पातळी साठवू नका, खोली साठवा. मग एकच पूर दोन्ही अचूकतांत चालवून डेक्कनच्या बाजूचे खोलीचे नकाशे एकमेकांतून वजा करा. फरक सेंटिमीटरच्या आत असेल तर एकेरी पुरे. भिडे पूल पाण्याखाली कधी जाणार हे सांगायला सेंटिमीटरचा शंभरावा भाग लागत नाही.

आता खरी मेख. सीपीयू आणि कार्ड यांच्यामधली वाट, पीसीआय एक्सप्रेस ४, सोळा पदरी असली तरी एका दिशेला सेकंदाला ३२ जीबीच. दर पावलाला ते १६० एमबी कार्डावर नेऊन परत आणलेत, तर नुसत्या जाण्याला ५ मिलिसेकंद लागतात, येण्याला पुन्हा तेवढेच. तुमचा डेस्कटॉप पूर्ण पाऊल दोनच्या आत टाकतो. फोर्ट्रानमधलं एकच सबरूटीन कार्डावर टाकून ‘जीपीयूवर हळू चालतंय’ म्हणणाऱ्यांच्या दहातल्या नऊ तक्रारी याच असतात. एकदा नेलेला डेटा शेवटपर्यंत कार्डावरच राहू द्या. पुढच्या पावलाचा काळ ठरवायला लागणारा किमान आकडा कार्डावरच काढा आणि तो एकटाच परत आणा. नकाशा पुरातल्या दर दहा मिनिटांनी लिहा, दर पावलाला नको. हे सगळं ओपनएसीसीच्या, म्हणजे कुठला भाग कार्डावर चालवायचा हे कंपायलरला सांगणाऱ्या, सूचना घालून होतं. एनव्हिडियाचा फोर्ट्रान कंपायलर फुकट आहे, प्रोग्राम सी मध्ये उतरवायची गरज नाही.

आणखी एक. जीपीयूमधली गणितं ३२-३२ च्या ओळींनी चालतात आणि एका ओळीला एका वेळी एकच आज्ञा मिळते. लग्नाच्या पंगतीत वरण निघालं की अख्ख्या ओळीला वरण. मध्ये एकाला ताक हवं असलं तर ताक येईपर्यंत बाकीचे हात आवरून बसतात. तुमच्या प्रोग्राममध्ये ‘चौकट ओली असेल तर हे, कोरडी असेल तर ते’ असं जागोजाग असणार. ओळीतल्या ३१ कोरड्या आणि एक ओली असली तरी ओल्याचं लांब गणित सगळ्या ओळीचा वेळ घेतं. चौकटींचे १६ गुणिले १६ चे ठोकळे पाडा आणि पूर्ण कोरडे ठोकळे वगळा. तुमच्या ४० लाखांपैकी खरोखर भिजणाऱ्या किती असतील? पर्वतीचा उतार कशाला मोजताय? ही सुधारणा सीपीयूवरही लागू होते आणि कदाचित कार्डापेक्षा जास्त वेग एकटी देईल. आधी तीच करा.

फायली वाचण्या-लिहिण्यात किती वेळ जातो तेही पाहून घ्या. अ‍ॅमडालने १९६७ मध्ये मांडलेला हिशेब अजून कुणाला चुकलेला नाही: पाचवा हिस्सा वेळ ज्या कामाचे तुकडे होत नाहीत त्यात जात असेल, तर कितीही भारी यंत्र आणा, एकूण वेग पाचपटीच्या वर जात नाही.

एवढं करूनही दुहेरीच लागली, तर कार्ड विकत घेऊ नका, वेळ मागा. ए-१०० दुहेरीत सेकंदाला ९.७ लाख कोटी करतं आणि त्याची ४० जीबीची मेमरी सेकंदाला १५५५ जीबी देते. ते घरी ठेवायचं यंत्र नाही. पण पुण्यात राहताय. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग अभियानातला महासंगणक परम ब्रह्म आयसरमध्ये आहे, आणि सी-डॅकचं ए-१०० वर बांधलेलं परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० मध्ये महासंगणकांच्या जागतिक यादीत ६३ वं होतं. गाइडना शंभर पटीऐवजी अर्जाचं विचारा. गंमत अशी की याच पुण्यात, पाषाणला, २०१८ मध्ये हवामानासाठी बसवलेलं प्रत्यूष जवळजवळ पूर्ण साध्या सीपीयूंवर होतं. हवामानाची मॉडेलं फोर्ट्रानच्या लाखो ओळींची. ती कार्डावर नेणं हे वर्षानुवर्षांचं काम. तिथल्या लोकांना जीपीयू माहीत नव्हते असं थोडंच आहे! सी-डॅकच्या १९९१ च्या परम ८००० मध्ये ट्रान्सप्यूटर नावाच्या चिपा होत्या, प्रत्येकीला शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे. तेव्हाही आम्ही गुणाकार कमी आणि निरोपांची ये-जा जास्त मोजायचो.

नमस्कार मॅडम. आमचं भोसरी एमआयडीसीत प्रेसशॉप आहे. पत्र्याचे छोटे पार्ट, दर तीन सेकंदाला एक. बर आणि तडे कॅमेऱ्याने पकडायचे आहेत. एका व्हेंडरने दोन मोठ्या जीपीयूंचा सर्व्हर कोट केला आहे. दुसरा म्हणतो एफपीजीए घ्या, तो सगळ्यात फास्ट. पैसे दोघांचेही जास्त आहेत. (भोसरी)

दोघांनाही चहा पाजा आणि परत पाठवा.

तीन सेकंद हा यंत्राच्या दृष्टीने भला मोठा काळ आहे. अशा कामाला पुरणाऱ्या मोबाइलनेट जातीच्या मॉडेलला एका चित्रामागे सुमारे ३० कोटी गुणाकार-बेरजा लागतात. साध्या आय-५ पीसीवर ते काही डझन मिलिसेकंदांत होतं. बर, म्हणजे पत्र्याच्या कापलेल्या कडेला उरलेली धार, बारीक असतो, म्हणून मोठ्या फोटोचे वीस तुकडे करून प्रत्येक तुकडा तपासला, तरी सेकंदाच्या आसपास काम आटोपेल. म्हणजे चालवायला कार्डच नको. शिकवायला हवं, पण ते महिन्यातून एखाद्या रात्री. तेवढ्यापुरतं तासाच्या भाड्याने घ्यावं. उद्या चार प्रेसवर चार कॅमेरे लावलेत तर जेटसन ओरिन नॅनोसारखी छोटी पाटी पाहा, ८ जीबी, सात ते पंचवीस वॅटमध्ये चालते. शॉपमध्ये तेल आणि धूळ असते, त्यामुळे बिनपंख्याची पेटी घ्या. दोन मोठ्या जीपीयूंचा सर्व्हर तिथे पहिल्या उन्हाळ्यातच पंखे गुदमरून बसेल.

एफपीजीएबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ‘सगळ्यात फास्ट’ हे अर्धसत्य आहे. एफपीजीएत तुम्ही प्रोग्राम चालवत नाही, चिपच्या आतली जोडणीच आपल्या कामासाठी बदलून घेता. त्यामुळे उत्तर मायक्रोसेकंदांत येतं आणि दर वेळी तितक्याच वेळात येतं. मध्ये विंडोजचा अपडेट येत नाही. पण लहानसा बदल केला तरी जोडणी नव्याने तयार व्हायला तास जातात आणि ते करणारा इंजिनिअर पगारावर ठेवावा लागतो. तुमच्याकडे महिन्याला नवा पार्ट येत असेल.

कुठे लागतो हे पाहायचं तर नारायणगावजवळ खोडदला जा. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश आहेत. त्यांच्याकडून येणारा सिग्नल एक क्षणही थांबत नाही आणि थांबवून चालत नाही. तो आकड्यांत बदलून पाकिटं करून पुढे पाठवायचं काम एफपीजीएच्या पाट्या करतात. पुढची फूरियर रूपांतरं आणि ३० डिशच्या ४३५ जोड्यांचे गुणाकार जीपीयू करतात, कारण ते गणित मोठं आहे आणि शास्त्रज्ञांना ते अधूनमधून बदलायचं असतं. एकाच ठिकाणी दोन्ही नांदतात, आणि कुठलं काम कुणाकडे द्यायचं हे तिथे कोट पाहून ठरलेलं नाही.

तुमचे पैसे दिव्यात घाला. तेल लागलेल्या पत्र्यावर चमक येते आणि तिथे तडा दिसतच नाही. घुमटाकार दिवा बसवून प्रकाश सगळीकडून सारखा पाडलात, तर निम्मं काम कॅमेऱ्याआधीच होईल. आणि बाद पार्टांची पेटी आजपासून भंगारात देऊ नका. चांगले पार्ट हजारोंनी मिळतात, तडे गेलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, आणि मॉडेलला शिकायला तेच हवे असतात. पुढचा व्हेंडर येईल त्याला ती पेटी द्या आणि त्याच्या यंत्रावर निकाल मागा. किंमत त्यानंतर बोला.

आम्ही दोघे मिळून छोटी कंपनी चालवतो. ओळखीतून जुनं आरटीएक्स ३०९० मिळतंय, क्रिप्टो मायनिंगला वापरलेलं. घ्यावं का? की त्या पैशात एएमडीचं नवीन कार्ड बरं? घरूनच काम करतो, विजेचा विचारही सांगा. (हडपसर)

३०९० अजूनही उत्तम सौदा आहे. २४ जीबी आणि सेकंदाला ९३६ जीबी, एवढी मेमरी एवढ्या वेगाने देणारं नवीन कार्ड बरंच महाग पडतं. मायनिंगने चिप सहसा मरत नाही. पंखे झिजतात आणि मेमरीवरचे थर्मल पॅड वाळतात. या कार्डाच्या मागच्या बाजूलाही मेमरीच्या चिप आहेत आणि त्याच जास्त तापतात. घेण्याआधी अर्धा तास पूर्ण भारावर चालवून मेमरीचं तापमान पाहा. १०० अंशांच्या वर जात असेल तर पॅड बदलायचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. मालक कार्ड चालवून दाखवायला टाळाटाळ करत असेल तर ओळख बाजूला ठेवा.

कार्ड ३५० वॅट ओढतं आणि क्षणभर त्याहून बरंच वर जातं, म्हणून पॉवर सप्लाय ८५० वॅटचा घ्या. दहा तास चाललं तर एकट्या कार्डाचे साडेतीन युनिट. दर तुमच्या बिलावर आहे, गुणाकार करा. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस याला पेलणार नाही. देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते. दर तासाला चेकपॉइंट, म्हणजे तोवर झालेल्या कामाची नोंद, डिस्कवर लिहिलात तर मोठ्या यूपीएसचे पैसे वाचतील.

एएमडीचं आरओसीएम, म्हणजे त्यांच्या कार्डांवर असे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर, आता पूर्वीसारखं रडवत नाही. लिनक्सवर, पायटॉर्च या मॉडेलं लिहायच्या लायब्ररीत, आयती मॉडेलं चालवायची असतील तर बिनधास्त घ्या, त्याच पैशात मेमरी जास्त मिळते. पण तुमच्या कामात कुणीतरी कुडासाठी, म्हणजे एनव्हिडियाच्या अशाच सॉफ्टवेअरसाठी, हाताने लिहिलेली एखादी लायब्ररी असेल, तर तिथे अडाल. प्रोग्रामच्या रिक्वायरमेंट्सची फाइल उघडा आणि एकेका नावासमोर आरओसीएमवर चालतं की नाही ते लिहा. आणि विंडोजवरच राहायचं असेल तर ३०९० घ्या.